मोआना २ येतोय! गाणी जमतील का? आणि बघायचा कुठल्या भाषेत?

मांजराकाठची (लातूर) | १० नोव्हेंबर २०२४, रात्री ९.४०

मंडळी, २९ नोव्हेंबरला मोआना २, डिस्नेचा कार्टून सिनेमा, येतोय. आमच्या घरात दिवाळीपासून दुसरा विषय नाही.

माझं आणि या सिनेमाचं नातं जरा वेगळं आहे, ते आधी सांगते. पहिला भाग आला २०१६ साली. ते वर्ष लातूरकरांना विसरणं शक्य नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. परातीत उभं करून तिला अंघोळ घालायचे आणि ते पाणी संडासाला वापरायचे. पुढं परतीच्या पावसानं मांजरा धरण भरलं, पण पोरीची सवय काही गेली नाही. पेल्यात घोटभर पाणी उरलं तरी ते झाडाला नेऊन घालायची.

डिसेंबरात आम्ही बहिणीकडं पुण्याला गेलो होतो. नोटाबंदीचे दिवस, हातात रोकड नाही, मेव्हण्यांच्या कार्डावर तिकिटं काढली. सिनेमात मोआना, ती बेटावरची एवढीशी पोर, किनाऱ्यावर दुडूदुडू चालत जाते आणि समुद्र दोन्हीकडं बाजूला होऊन तिला वाट देतो, शंख दाखवतो. माझी लेक कानाशी येऊन म्हणाली, "आई, एवढं पाणी खरंच असतंय?"

आता ती चौदा वर्षांची आहे. पहिल्या भागाची सगळी गाणी पाठ. धाकटी चुलत भावंडं मिळून अकरा पोरं औशाच्या वाड्यात जमतात आणि सारखं एकच विचारूलालेत, "कवा जायचं?"

माझ्या मनात दोन गोष्टींची धाकधूक आहे. एक म्हणजे पहिल्या भागाची गाणी करणारे लिन-मॅन्युएल मिरांडा यावेळी गाण्यांना नाहीत. दुसरी, हे मुळात मालिका म्हणून बनवत होते आणि या फेब्रुवारीत कळलं की सिनेमा करणार. तुम्हाला काय वाटतं? आणि बघणार कुठल्या भाषेत?

पैठणचा_नाव्या | १० नोव्हेंबर, रात्री १०.०५

ताई, यंदा समुद्र बघायला थेटरात जायची गरज नाही, पैठणला या! सप्टेंबरात जायकवाडी धरणाचा नाथसागर भरला आणि दरवाजे उघडले. बंधाऱ्यावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही.

(सिनेमा बघणार आहेच. पहिल्या दिवशी.)

हलगीवाला (नांदेड) | १० नोव्हेंबर, रात्री ११.३०

गाण्यांच्या धास्तीबद्दल मला बोलायचंच होतं.

पहिल्या भागाचं संगीत एकट्या मिरांडांचं नव्हतं. तिघं होते. मिरांडा, मार्क मँचिना आणि ओपेताया फोआई. यातले मँचिना आणि फोआई दुसऱ्या भागातही आहेत. मला तरी फोआई असणं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांचा ‘ते वाका’ नावाचा वाद्यवृंद आहे, पॅसिफिक बेटांच्या भाषांतून गाणारा. मोआनाचे पूर्वज होड्यांचा तांडा घेऊन निघतात ते गाणं आठवा. त्यातले सामोअन आणि टोकेलाऊ भाषेतले शब्द फोआईंचे. लाकडाचा ओंडका कोरून केलेल्या ढोलावर दोन काठ्या पडतात, आणि तो ठेका छातीत घुमतो. मी हलगी वाजवतो. तो ठेका पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी बोटं आपोआप मांडीवर सुरू झाली.

मिरांडांच्या जागी ॲबिगेल बार्लो आणि एमिली बेअर आल्यात. दोघी ऐन विशीत. २०२२ ला ग्रॅमी मिळवलेल्या. ग्रॅमी मिळालेलं ते काम त्यांनी कुठल्या मोठ्या बॅनरखाली केलं नव्हतं, घरात बसून गाणी करून लोकांपुढं मांडली होती. म्हणजे मुळात चाहत्यांतूनच वर आलेल्या पोरी. मला त्यांच्यावर भरवसा वाटायलाय.

जालन्याचा_शंकासूर | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

हलगीवाले दादा, भरवसा ठेवा, पण माझी शंका गाण्यांबद्दल नाहीच, कथेबद्दल आहे. मालिकेत प्रत्येक भागाला आपापला चढ असतो, शेवट असतो. ते सगळं शिवून दीड-पावणेदोन तासात बसवायचं म्हणजे गोधडी होते, लुगडं होत नाही. ट्रेलरमध्ये नवी माणसं किती दिसतात बघा. होडी बांधणारी, शेती करणारा म्हातारा, माऊई नावाच्या त्या अर्ध्या देवाचा वेडा चाहता, घरी धाकटी बहीण. पहिल्या भागात होडीवर दोघं आणि एक कोंबडा होता. त्या एकटेपणातून गाणी उगवली होती. माणूस एकटा असला की गातो, होडीत सहा जण असले की गप्पा मारतो.

मांजराकाठची | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

@शंकासूर, "एकटा असला की गातो" हे अगदी पटलं. आता धास्ती वाढली माझी.

ओवीवाली_अक्का (परभणी) | ११ नोव्हेंबर, दुपारी २.१०

मला नाही पटलं. आमच्या आईच्या काळी जात्यावर दोघी बसायच्या. एकटीनं दळण ओढत नाही. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं पुढं न्यायची. संगतीत पण गाणं उगवतं की. एकनाथ महाराजांचं भारूड बघा, तिथं तर अख्खा गाव सोंगं घेऊन उभा असतो. बोलून भागत नाही तिथं गाणं येतं, मग माणूस एक असो की दहा.

हलगीवाला | ११ नोव्हेंबर, दुपारी २.४०

अक्का +१००

गुरुजी_बीडचे | १२ नोव्हेंबर, रात्री १०.२०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्या गावात हंगामी वसतिगृह चालतं. ऊसतोडीला आईबाप गेले की पोरं मागं राहतात, त्यांच्यासाठी. यंदा निवडणुकीमुळं टोळ्या जरा उशिरा हलतायत, पण ट्रॅक्टर दारात लागलेत.

दोन वर्षांपूर्वी मी एका शनिवारी पहिला भाग पोरांना शाळेच्या पडद्यावर दाखवला. इंग्रजी त्यांना कळणार नाही म्हणून मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत होतो. सुरुवातीला मला वाटलं, पोरं माऊईवर हसतील, कोंबड्यावर हसतील आणि घरी जातील. हसलीच. पण मधल्या सुट्टीत जे प्रश्न आले ते मी आजवर कुणाला सांगितले नाहीत.

एकानं विचारलं, "सर, समुद्र गोड असतो का?" म्हटलं, खारट असतो, पिता येत नाही, रानाला देता येत नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग एवढं पाणी असून तिच्या घरची बाई पाणी आणायला कुठं जात आसंल?" मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन वाचलं. पावसाचं पाणी, झरे आणि शहाळी. दुसऱ्या दिवशी फळ्यावर बेटाचं चित्र काढून समजावलं. भूगोलाचा इतका चांगला तास माझा आधी कधी झाला नव्हता.

दुसरी गोष्ट. बेटावरचे नारळ काळे पडतात, जाळ्यात मासे येत नाहीत, आणि बाप म्हणतो खडकांच्या पलीकडं जायचं नाही. सातवीतली एक पोरगी म्हणाली, "तिच्याकडचं पीक जळालं म्हणून ती निघाली. मपले आईबाप बी तसेच निघत्यात. पण तिच्यासाठी गाणं हाय."

त्या पोरीला दुसरा भाग मोठ्या पडद्यावर दाखवायचा मी शब्द दिलाय. ती आता नववीत आहे. आमच्या तालुक्यात थिएटर नाही. बीड किंवा संभाजीनगर गाठावं लागेल. सव्वीस पोरं आहेत. हिंदीत असेल तर त्यांना सगळं कळेल. म्हणून माझं मत हिंदीला.

पैठणचा_नाव्या | १२ नोव्हेंबर, रात्री १०.३५

गुरुजी, संभाजीनगरला आलात तर जेवणाची सोय माझ्याकडं. सव्वीस पोरं, अवघड काही नाही. निरोप पाठवतो.

जालन्याचा_शंकासूर | १२ नोव्हेंबर, रात्री ११.००

गुरुजी, तुमच्या पोरीच्या त्या वाक्यानं झोप उडवली. पोरांच्या येताना-जाताना नाश्त्याचं माझ्याकडं लावा. मोसंबीची एक जाळी पण देतो, आमच्या बागेतली.

तिकांडं (हिंगोली) | १३ नोव्हेंबर, रात्री २.५०

आत्ता रानात आहे. रात्रीची लाईट, हरभऱ्याला पाणी चालू. म्हणून ही वेळ.

मी हा सिनेमा पोरांसाठी बघत नाही, माझ्यासाठी बघतो. त्यात ती पोरगी हात लांब करून बोटांनी ताऱ्याची उंची मोजते ना, ते बघून मला माझा आजा आठवला. घड्याळ नव्हतं. तो असाच वीत आभाळाला लावून सांगायचा, अजून पाण्याचे दोन बारे बाकी. या दिवसांत तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, डोक्यावर आलं की दोन-अडीच वाजले समजायचं. आत्ता थोडं कललंय. पहाटं म्हातारीची बाज, म्हणजे सप्तर्षींतले चार तारे, वर येते, तिच्या मागं उरलेले तीन, ते चोर.

ते लोक नुसत्या ताऱ्यांवर आणि लाटांवर हजारो मैल जायचे, हे मला आधी दंतकथा वाटायचं. मग वाचलं की १९७६ साली होकुलेआ नावाची जोडहोडी हवाईहून ताहितीला गेली, कुठलंही यंत्र न घेता. सुमारे ४,००० किलोमीटर. वाट दाखवणारा होता माऊ पियाइलुग, सातावाल नावाच्या चिमुकल्या बेटावरचा. हवाईत तोवर ही विद्या जाणणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या बेटावरून माणूस बोलवावा लागला. त्यांच्यात तारा कुठं उगवतो, कुठं मावळतो, ती जागा पाठ करतात. ढग असले की लाटेचा हिसका होडीला कुठल्या अंगानं बसतो त्यावरून दिशा धरतात.

माझा पोरगा मोबाईलवर वेळ बघतो. बाज कुठली ते त्याला माहीत नाही. म्हणून त्याला घेऊन जाणार आहे. दुसऱ्या भागात ती स्वतः वाट काढणारी झालीय, दुसऱ्यांना घेऊन निघते म्हणे. तेच बघायचंय मला. मोटार बंद पडली, जातो.

मांजराकाठची | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

लेकीला आत्ता हे वाचून दाखवलं. आज रात्री गच्चीवर जाऊन तिकांडं शोधणार म्हणतेय.

माळेगावची_जत्रा | १३ नोव्हेंबर, सकाळी ११.२५

तारे झाले, गोंदणाचं कुणी बोललंच नाही!

मोआनाच्या आजीच्या पाठीवर मोठ्या सपाट माशाचं गोंदण असतं, आणि ती गेल्यावर तोच मासा होऊन नातीला वाट दाखवायला येते. माझ्या आजीच्या हातावर तुळस होती, कपाळावर तीन टिकल्या. माळेगावच्या जत्रेत गोंदवलेल्या. म्हणायची, मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं. तो प्रसंग मी थिएटरात पाहिला तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईंनी मला रुमाल दिला.

माऊईच्या अंगावरचं गोंदणही उगी नाही. माऊईला आवाज देणाऱ्या ड्वेन जॉन्सनचे आजोबा पीटर मायव्हिया सामोअन पैलवान होते, कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदलेले. माऊईचं रूप त्यांच्यावरून सुचलं, असं तो स्वतः सांगतो. आवाज देताना नातवाला काय वाटलं असेल! दुसऱ्या भागातही तोच आहे, आणि मोआनाला आऊली-ई क्रावाल्हो. पहिल्या भागाला निवडली तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

मांजराकाठची | १३ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

म्हणजे माझ्या लेकीएवढीच की! संध्याकाळी सांगते तिला.

लातुरी_पॅटर्न | १४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.००

भाषेचा प्रश्न राहिलाय. भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत येतोय. मराठी नाही.

आता हे बघा. पहिला भाग २०१७ साली माओरी भाषेत डब झाला. ताहितीयनमध्ये झाला. मग हवाईयनमध्ये झाला, जी भाषा शाळांतून जवळजवळ हद्दपार झाली होती. पोरं आपल्या भाषेत गाऊ लागली. माओरी बोलणारे दोन लाखांच्या आसपास. आपण आठ कोटींच्या वर. मी हिंदीत बघणारच, पण मनात हे राहतंच.

जालन्याचा_शंकासूर | १४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.२०

इथं तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. त्यांच्याकडं त्या भाषेतच ती गोष्ट जन्मली, डबिंग म्हणजे गोष्ट घरी परत नेणं होतं. आपल्याकडं मराठीत डब झाला तर पुण्या-मुंबईच्या पुस्तकी मराठीत होईल. "अहो माऊई, आपण कुठे निघालात?" असं. माझ्या पोराला त्यापेक्षा हिंदी जवळची वाटेल.

लातुरी_पॅटर्न | १४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३५

मग आपल्या बोलीत करूया की! माऊई: "काय ओ पोरी, वळखलं न्हाईस का मला? सूर्याला फास टाकून वडलेला गडी हाव मी. दिस मोठा कुणी केला? म्या केला!"

माळेगावची_जत्रा | १४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४०

😂😂 मोआना: "गप बस की मामा. आधी ते वल्हं धर. कामून उगी बोंबलायलास?"

ओवीवाली_अक्का | १४ नोव्हेंबर, रात्री ८.००

आजी: "जा बाई जा, उंबऱ्यात थांबून कुणाचं भलं झालंय."

मांजराकाठची | १४ नोव्हेंबर, रात्री ८.१०

अक्का, तुमच्या या एका ओळीवर मी अख्खा सिनेमा पुन्हा मराठवाडी बोलीत बघायला तयार आहे.

गुरुजी_बीडचे | १८ नोव्हेंबर, रात्री ९.३०

थोडं इकडचं. आज आमच्या वसतिगृहातल्या नऊ पोरांचे आईबाप गेले. पहाटे चारला ट्रॅक्टर निघाला. शब्द दिलेल्या त्या पोरीचे पण गेले. वीस तारखेला मतदानाला येतो म्हणालेत, पण कारखाना लांब आहे, येतील असं वाटत नाही. पोरीनं आईला विचारून घेतलंय, सिनेमा बघून आल्यावर फोनवर सगळी गोष्ट सांगणार. आई रात्री कोपीवर (झोपडीवर) आली की फोन लावायचा, असं ठरलंय.

@नाव्या, @शंकासूर, निरोप मिळाले. गटशिक्षण कार्यालयाची परवानगी हाती आली की कळवतो.

हलगीवाला | २२ नोव्हेंबर, दुपारी १.१५

अल्बम आला!!! सगळी गाणी आजपासून ऐकता येतायत. ऐकायची का नाही?

माळेगावची_जत्रा | २२ नोव्हेंबर, दुपारी १.१८

नाही! आणि कुणी शब्द पण लिहू नका इथं.

लातुरी_पॅटर्न | २२ नोव्हेंबर, दुपारी १.३०

मी ऐकूलालाव. थांबवता आलं नाही.

जालन्याचा_शंकासूर | २२ नोव्हेंबर, दुपारी ३.०५

मी कामाच्या जागी आहे आणि हेडफोन घरी राहिलाय. दुपारपासून जीव टांगणीला.

पण खरं सांगू, सिनेमातलं गाणं आधी ऐकू नये असं माझं मत आहे. ते गाणं कुठल्या क्षणी येतं त्यात त्याचा अर्धा जीव असतो. पहिल्या भागात बाप खडकांपलीकडं जायला नाही म्हणतो, पोरगी समुद्राकडं बघते, आणि गाणं सुरू होतं. त्याच गाण्याला पुढं ऑस्करचं नामांकन मिळालं. आधी मोबाईलवर ऐकलं असतं तर ती एक बरी चाल एवढंच राहिलं असतं.

हलगीवाला | २२ नोव्हेंबर, रात्री १०.४५

क्षमा करा, मी ऐकली. शब्द सांगत नाही, कथाही सांगत नाही. ठेक्याबद्दल तेवढं सांगतो.

ढोल आहेत. तेच ओंडक्याचे ढोल, समूहाचा तोच भरदार आवाज. समूहगान लागलं की पहिल्या भागाचं रक्त लगेच ओळखू येतं. नव्या मुलींची चाल वेगळी आहे. मिरांडा शब्द एकमेकांत अडकवत पळतात, या दोघी सूर लांबवतात, वर चढवत नेतात. नायिकेचं मोठं गाणं मी चार वेळा ऐकलं. पहिल्या वेळी वाटलं, हे त्या जुन्या गाण्याएवढं नाही. चौथ्या वेळी लक्षात आलं की जुन्या गाण्यात निघायची ओढ होती, आणि यात निघताना मागं कुणाला तरी सोडायचं दुःख आहे. वय वाढलंय तिचं. माऊईचं गाणं मला अजून बसलेलं नाही, मागच्या वेळेसारखं तोंडात रुळेल असं वाटत नाही. ते पडद्यावर बघून ठरवू.

मांजराकाठच्या ताई, धाकधूक निम्मी कमी करा. निम्मी राहू द्या.

ओवीवाली_अक्का | २३ नोव्हेंबर, सकाळी ९.००

"मागं कुणाला तरी सोडायचं दुःख." गुरुजींच्या त्या पोरीला हे गाणं आधी कुणी ऐकवू नका. तिला तिथंच ऐकू द्या.

गुरुजी_बीडचे | २५ नोव्हेंबर, रात्री ८.४०

परवानगी आली. शनिवार ३० तारीख, दुपारचा खेळ, हिंदी, संभाजीनगर. सव्वीस पोरं, दोन शिक्षक, स्वयंपाकाच्या मावशी. मावशींनी आयुष्यात थिएटर पाहिलेलं नाही, त्या पण येतायत.

नाव्या भाऊ, पोरांनी एकच मागणी केलीय. सिनेमा सुटल्यावर अंधार व्हायच्या आत पैठणला नेऊन नाथसागर दाखवता येईल का?

पैठणचा_नाव्या | २५ नोव्हेंबर, रात्री ८.४५

साडेतीनला खेळ सुटला तर पाचला बंधाऱ्यावर. सूर्य पावणेसहाला बुडतो. येतंय.

तिकांडं | २५ नोव्हेंबर, रात्री ९.३०

गुरुजी, अंधार होईपर्यंत थांबा की थोडं. सूर्य बुडाल्यावर मावळतीला शुक्राची चांदणी ठळक दिसते सध्या. पोरांना हात लांब करून वीत मोजायला लावा. पाण्यापासून किती वर आहे ते.

मांजराकाठची | २६ नोव्हेंबर, रात्री ९.१५

आमचंही ठरलं. लेक इंग्रजीच म्हणत होती, गाणी मूळ आवाजात हवीत म्हणून. पण धाकट्यांना कळणार नाही, म्हणून तिनंच माघार घेतली. शुक्रवारी शाळा सुटल्यावर सगळ्यांसोबत हिंदी, इथंच लातुरात. आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघीच इंग्रजीत, त्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी जाऊ. अल्बम तिनं अजून ऐकलेला नाही. मीही नाही.

गच्चीवर तिकांडं सापडलं. नऊनंतर पूर्वेला वर येतं. आता ती रोज रात्री भावंडांना गोळा करून दाखवते.

एकच अडचण उरलीय. औशाहून अकरा पोरं, मी, जाऊबाई आणि सासूबाई. चौदा जण. एका क्रूझरमध्ये बसतील का?

लातुरी_पॅटर्न | २६ नोव्हेंबर, रात्री ९.१७

बसतेत. बारकी मांडीवर घ्या.